चालक पुढे, इंजिन मागे: १९७३ च्या कॅम्पर व्हॅनमध्ये स्वयंचलित अग्निशामक बसवण्याचं एक प्रकरण

गाडी फोक्सवॅगन टाइप २, ‘बे विंडो’ पिढीतली, १९७३ ची. जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात बनलेली आणि पुढे इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात पलंग, कपाटं, शेगडी बसवून कॅम्पर झालेली. मागच्या टोकाला हवेने थंड होणारं १५८४ सीसीचं इंजिन, ताकद ५० अश्वशक्ती. मालक माझा आतेभाऊ. मूळचा नाशिकचा, आता ब्रिस्टलला राहतो. त्याने ही व्हॅन घेतली तेव्हा आतलं लाकूडकाम, पडदे, रंग सगळं देखणं होतं. इंजिनाच्या कप्प्याकडे मात्र मागच्या मालकांपैकी कोणी फारसं पाहिलं नव्हतं.

दादाची मागणी साधी होती. इंजिनाच्या कप्प्यात आपोआप उडणारी एखादी अग्निशामक बाटली बसवून दे, म्हणजे पोरांना घेऊन निर्धास्त कॉर्नवॉलला जाता येईल. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि या गाड्यांवर माझा जीव आहे, म्हणून काम माझ्याकडे आलं. हा सगळा लेखाजोखा इथे देण्याचं कारण एकच. या गाडीत नुसती बाटली बसवून भागत नाही. बाटली उडेल त्या क्षणी पेट्रोल थांबलं पाहिजे आणि इंजिनाबरोबर फिरून त्याला थंड करणारा पंखाही थांबला पाहिजे. तसं झालं नाही, तर बाटलीतलं आग विझवणारं औषध काही सेकंदांत रस्त्यावर जातं आणि आग जागेवर राहते.

कप्प्याची रचना

पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पुढच्या पत्र्यामागे आहे, तीही वरच्या अंगाला. पन्नासहून अधिक लिटर पेट्रोल पंपाच्या पातळीच्या वर उभं असतं. मधे पत्र्यातून येणारा एक रबरी पाइप. तो पाइप तुटला तर इंजिन बंद केलं तरी पेट्रोल आपल्याच वजनाने खाली येत राहतं, टाकी रिकामी होईपर्यंत. आणि ते येतं कुठे? कार्बोरेटर, इंधनपंप आणि डिस्ट्रिब्युटर हे तिघे इथे वीतभर अंतरात बसलेले आहेत. डिस्ट्रिब्युटरच्या आत ठिणगी पडणं हे त्याचं रोजचं काम.

दुसरी गोष्ट क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचाची. या १६०० इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे. (याच पिढीत आलेल्या १७०० आणि २००० सीसीच्या मोठ्या इंजिनांची ॲल्युमिनियमची असते.) पेट्रोलची आग सुरुवातीला पेट्रोलचीच असते, ती विझवता येते. पण क्रँककेस एकदा पेटली की कार्बन डायऑक्साइड किंवा मागे अवशेष न ठेवणारा कुठलाही ‘स्वच्छ’ वायू तिला विझवू शकत नाही. पाण्याच्या लहान फवाऱ्याने तर हायड्रोजन सुटून ती जास्त भडकते. पूर्ण जळालेल्या टाइप २ चे फोटो नीट पाहिले तर मागे पांढरी राख आणि इंजिनाच्या जागी जवळजवळ काहीच नाही असं दिसतं. म्हणून जे करायचं ते पहिल्या काही क्षणांत करावं लागतं, आणि त्या क्षणी चालक तीन मीटर पुढे बसून रस्ता बघत असतो.

वहिनींनी पहिल्याच दिवशी नेमका प्रश्न विचारला. “आग मागे लागली, हे आम्हाला पुढे कळणार कसं?”

“आरशात धूर दिसेल,” दादा म्हणाला.

“धूर दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असेल. आणि पोरं मागेच बसतात.”

पुढचं बरंचसं काम या एका प्रश्नामुळे वेगळं झालं.

आधी पाहणी

बाटलीची खरेदी मी थांबवली आणि आधी इंजिन उतरवायचं ठरलं. दादाला ते जास्तीचं काम वाटलं. पण टाकीच्या तोंडाशी असलेला पाइप, टाकीच्या हवेच्या नळ्या आणि भरण्याच्या गळ्याचं रबर यांच्यापर्यंत इंजिन खाली घेतल्याशिवाय हात पोचत नाही. गिअरबॉक्सचे चार बोल्ट, मागचा आडवा दांडा, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या नळ्या, वायरी. ट्रॉली जॅक आणि दोन माणसं असली की एका सकाळीत होतं.

टाकीखालचा पाइप जुना, बाहेरून सुती विणीचा होता. विणीखालचं रबर वाकवलं की भेगा उघडायच्या. विणीमुळे त्या एरवी दिसतच नाहीत, म्हणून हा पाइप जास्त धोक्याचा. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या पंपावर मिळणारं पेट्रोल ई१० असतं, म्हणजे त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. अशा गाड्यांसाठी सुपर दर्जाचं ई५ वापरा असं तिथे सांगितलं जातं, पण प्रवासात सगळीकडे ते मिळतंच असं नाही. आम्ही सगळे पाइप आर९, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचे घातले, जुबली क्लिपांऐवजी इंधनाच्या पाइपासाठीच्या गोल क्लिपा वापरल्या. पाइप पत्र्यातून जिथे येतो तिथलं रबरी ग्रोमेट नाहीसंच झालं होतं, पत्र्याची कडा थेट पाइपावर घासत होती. तेही नवं आलं.

त्याहून गंभीर गोष्ट कार्बोरेटरवर सापडली. सोलेक्स ३४ पिक्ट-३ मध्ये पेट्रोल आत घेणारी पितळी नळी कार्बोरेटरच्या अंगात नुसती दाबून बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या कंपनाने ती सैल होते आणि एक दिवस पाइपासकट बाहेर येते. इंजिन चालू, पंप चालू, आणि पेट्रोलची धार थेट गरम इंजिनावर. या व्हॅनची नळी बोटांनी फिरत होती. ती काढून आत आटे पाडले आणि आट्यांची नळी घट्ट बसवली. शिवाय डिस्ट्रिब्युटरच्या बरोबर वर लोंबकळणारा प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टर काढून टाकला, आणि कप्प्याच्या बाहेर, टाकीजवळ धातूचा फिल्टर लावला. या गाड्यांमध्ये तो प्लॅस्टिक फिल्टर इतक्यांनी त्याच जागी लावलेला दिसतो की तो मूळचाच आहे असं लोकांना वाटतं. माझ्या मते या इंजिनावर त्याच्याइतकी वाईट जागा दुसरी नाही.

एवढं झाल्यावर दादा म्हणाला, “म्हणजे आता बाटलीची गरजच नाही ना?” गरज आहे. पाइप नवे असले तरी रबर ते रबरच, आणि पंपाचा पडदा, टाकीचा गळा, बॅटरीच्या वायरी हे सगळं याच कप्प्यात आहे.

कुठलं औषध, किती

बाजारात या कामासाठी मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात. पहिली, कोरड्या भुकटीची बाटली, जिच्या तोंडाला स्प्रिंकलरसारखी काचेची कुपी असते. कुपीतल्या द्रवाच्या रंगावरून फुटण्याचं तापमान कळतं: लाल ६८ अंश, पिवळी ७९, हिरवी ९३, निळी १४१. ही स्वस्त, पण कुपी एकाच जागी असते. आग दुसऱ्या कोपऱ्यात लागली तर तिथली उष्णता कुपीपर्यंत पोचायला वेळ जातो. शिवाय गाडीच्या कंपनाने भुकटी तळाशी घट्ट बसते, आणि उडालीच तर ओलाव्याशी मिळून ॲल्युमिनियम खाते. दुसरी तऱ्हा म्हणजे आतच औषध भरलेली बंद नळी, जी उष्णतेने मऊ होऊन फुटते. सुटसुटीत, पण औषध थोडं. तिसरी, वेगळी बाटली आणि तिला जोडलेली दाबाखालची उष्णतासंवेदी नळी. नळी जिथे सर्वांत तापेल तिथे साधारण ११० ते १२० अंशांना फुटते आणि औषध त्याच भोकातून आगीवर जातं. आम्ही ही घेतली.

तापमान अंदाजाने ठरवलेलं नाही. रंग बदलणाऱ्या चिकट पट्ट्या कप्प्यात ठिकठिकाणी लावून दादाने उन्हाळ्यातल्या एका तापत्या दुपारी चढावरून गाडी चालवली आणि लगेच बंद करून ठेवली. चालू इंजिनापेक्षा बंद केल्यावरची पहिली काही मिनिटं जास्त गरम असतात, कारण पंखा थांबतो आणि सिलिंडरांची उष्णता वर येत राहते. वरच्या कोपऱ्यात पट्टीचा ७७ अंशांचा चौकोन काळा झाला होता, ८२ चा झाला नव्हता. म्हणजे लाल कुपी इथे विनाकारण फुटली असती आणि पिवळी अगदी काठावर होती. ११० च्या पुढची नळी योग्य.

औषधाच्या बाबतीत हॅलॉन या जुन्या अग्निशामक वायूचा प्रश्न उरलेला नाही. ओझोन थराला घातक म्हणून विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ मध्ये थांबलं, आणि युरोपात सामान्य वापरातून ते २००३ अखेर हद्दपार झालं. त्यानंतर आलेले एचएफसी (हायड्रोफ्ल्युरोकार्बन) वायू ओझोनला सोडतात, पण हवामानाला नाही. एचएफसी-२३६एफएचा तापमानवाढीतला वाटा कार्बन डायऑक्साइडच्या ९,८०० पट आहे, एचएफसी-२२७ईएचा ३,२०० पट. आम्ही एफके-५-१-१२ हे फ्ल्युरोकीटोन घेतलं. त्याचा वाटा जवळजवळ शून्य. ते ४९ अंशांना उकळतं, म्हणून बाटलीत द्रवरूपात असतं आणि मागे नायट्रोजनचा दाब असतो. त्याचं सर्वांत मोठं नाव म्हणजे ‘नोव्हेक १२३०’. थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर पीएफएएस या फ्लोरिनयुक्त वर्गातल्या सगळ्या रसायनांचं उत्पादन थांबवण्याची घोषणा २०२२ च्या डिसेंबरात केली. इतर उत्पादक आहेत, तरी पुढे बाटली पुन्हा भरून कुठे मिळेल हे घेतानाच विचारून ठेवलं.

आता हिशेब. इंजिनाचा भाग वजा केल्यावर कप्प्यात सुमारे ०.६ घनमीटर मोकळी जागा धरली. बंद खोलीत पेट्रोलच्या आगीला हे औषध घनमीटरला ०.९ किलोच्या आसपास लागतं, म्हणजे इथे अर्धा किलो पुरावं. पण हा कप्पा बंद खोली नाही. मागच्या दोन्ही बाजूंना हवा घेणाऱ्या जाळ्या कायम उघड्या असतात. आणि इंजिनाचा पंखा याच कप्प्यातली हवा ओढतो. चार हजार फेऱ्यांना सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर! म्हणजे महामार्गावरच्या वेगात या कप्प्यातली अख्खी हवा सव्वा सेकंदात बदलते. आयडलिंगला हा वेग चार-पाच पटींनी कमी होतो, तरी सहा सेकंदांत कप्पा धुऊन निघतो. अर्धा किलो काय, पाच किलो औषधही या वाऱ्यापुढे टिकणार नाही.

बसच्या इंजिनकप्प्यांसाठी हा प्रश्न आधीच ओळखला गेला आहे. स्वीडनमधल्या एसपी ४९१२ या चाचणीपद्धतीत पंख्याची हवा चालू ठेवून आग विझते का आणि तापलेल्या पृष्ठभागावरून पुन्हा पेटते का, दोन्ही पाहतात. भारतात बसच्या इंजिनकप्प्यातल्या अशा यंत्रणेसाठी एआयएस-१३५ हे मानक आहे. खासगी जुन्या कॅम्परला यातलं काहीच लागू नाही. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना एमओटी या वार्षिक सुरक्षा-तपासणीतूनही सूट आहे. त्यामुळे या गाड्यांचा इंजिनकप्पा वर्षानुवर्षं कोणी तिऱ्हाइताने उघडून पाहिलेला नसतो. मला ही सूट पटत नाही, दादाला मी दरवर्षी स्वतःहून तपासणी करून घ्यायला लावते.

जोडणी

म्हणून बाटलीसोबत तीन गोष्टी एकाच साखळीत जोडल्या. संवेदी नळीच्या दुसऱ्या टोकाला दाबाचा स्विच बसवला. नळी फुटली, दाब गेला की स्विच एक रिले सोडतो. पहिली गोष्ट, हा रिले ठिणगीची वीज बनवणाऱ्या इग्निशन कॉइलकडे जाणारा १५ क्रमांकाचा विद्युतपुरवठा तोडतो. याच तारेवर कार्बोरेटरचा चोक आणि आयडल बंद करणारा सोलेनॉइडही असतो, त्यामुळे ठिणगी गेल्यावर इंजिन स्वतःच्या उष्णतेवर धडधडत राहत नाही. दुसरी गोष्ट, टाकी आणि कप्पा यांच्या मधे, पत्र्याच्या पलीकडे, वीज असेल तरच उघडा राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. वायर जळाली तरी तो बंदच होतो. मूळ पंपाला मिनिटाला ४०० घनसेंटीमीटर पेट्रोल द्यावं लागतं, म्हणून व्हॉल्व्हचं भोक पाइपाइतकं मोठं पाहून घेतलं. छोट्या भोकाचा स्वस्त व्हॉल्व्ह लावला तर चढावर इंजिन उपाशी राहतं. त्याच्या वायरीत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विचही घातला, म्हणजे टक्कर झाली तरी पेट्रोल थांबतं. तिसरी गोष्ट वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर: डॅशबोर्डवर लाल दिवा आणि मोठ्या आवाजाचा बझर.

इंजिन आपोआप बंद करावं की चालकावर सोपवावं, यावर आमचं बराच वेळ चाललं.

दादा म्हणाला, “मी एम५ महामार्गावर ट्रकला ओलांडतोय आणि इंजिनच गेलं तर?”

“दादा, या गाडीचं स्टिअरिंग निव्वळ हाताने चालतं, ते जड होणार नाही. ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या सर्व्होत दोन-तीन दाबांपुरती ओढ शिल्लक असते. तेवढ्यात कडेला येता येतं.”

“आणि बझर वाजल्यावर मीच किल्ली फिरवली तर?”

“तू फिरवशील तोवर औषध पंख्यातून बाहेर गेलेलं असेल.”

निर्णय आपोआप बंद करण्याचाच झाला, आणि मला तो आजही बरोबर वाटतो. मात्र त्याला एक जोड लागते. गाडी गिअरमध्ये असेल तर ठिणगी बंद झाली तरी चाकं इंजिन फिरवत राहतात आणि पंखाही फिरतो. म्हणून बझर वाजला की सगळ्यात आधी क्लच. दोघांनी रिकाम्या मैदानावर ते हाताला बसेपर्यंत केलं: बझर, क्लच, इंडिकेटर, कडेला, हँडब्रेक, पोरं बाहेर, सगळे गाडीपासून लांब.

संवेदी नळी कुठून न्यायची हे ठरवायला सर्वांत जास्त विचार लागला. इंजिन बंद असताना ज्वाळा वर जातात, तेव्हा नळी कप्प्याच्या छताखाली हवी. पण इंजिन चालू असताना या गाडीत गरम हवा वर जात नाही. पंख्याचं तोंड पंखाघराच्या पुढच्या अंगाला, टाकीच्या पत्र्याकडे असतं. सगळा वारा त्या बाजूला वळतो आणि ज्वाळाही त्याच्यामागे जातात. म्हणून नळीचा एक फेरा पंखाघर आणि पत्रा यांच्या मधल्या जागेतून नेला, तिथेच पेट्रोलचा पाइप आत येतो. मग कार्बोरेटरवरून, डिस्ट्रिब्युटर आणि पंप यांना वळसा घालून बॅटरीच्या कोपऱ्यापर्यंत. क्लिपा जवळजवळ मारल्या. सैल राहिलेली नळी पंख्यात ओढली जाऊ शकते किंवा अल्टरनेटरच्या पट्ट्याला घासते. कुठेही तीव्र वाकण नाही, धारदार पत्र्यावर टेकण नाही.

बाटली कप्प्यात ठेवली नाही. तिच्या अंगावर कमाल ६० अंश लिहिलेलं होतं आणि आमच्या पट्ट्या ७७ दाखवत होत्या. ती मागच्या पलंगाशेजारच्या कपाटात उभी बसवली. नळी पत्र्यातून धातूच्या बल्कहेड जोडणीने गेली, म्हणजे धूर आत यायला फट नाही. बाटली दोन किलोची. वहिनींची काळजी अशी, की झोपेत ती गळली तर? दोन किलो द्रवाची वाफ सुमारे ०.१४ घनमीटर होते, आणि आतली जागा सहाएक घनमीटर धरली तर प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत राहतं. या औषधाची माणसासाठी सुरक्षित मर्यादा १० टक्के आहे. आगीत पडल्यावर गोष्ट वेगळी. ज्वाळेत त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते फुप्फुसांना घातक. त्यामुळे यंत्रणा उडाल्यावर मागचं झाकण लगेच उघडायचं नाही. त्याला दुसरंही कारण आहे: झाकण उघडलं की ताजी हवा आत जाते आणि धुमसणारं पुन्हा पेटतं. दारापाशी हातातलं दोन किलोचं अग्निशामक ठेवलं आहे, तेही झाकण बोटभरच उचलून फटीतून मारायचं.

खालच्या पत्र्याभोवतीचं रबर तुटलं होतं, ते पूर्ण नवं घातलं. त्या रबरामुळे एक्झॉस्टची गरम हवा वर येत नाही, आणि औषध खाली निसटत नाही.

तपासणी आणि आजची स्थिती

बाटलीचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून पाहिलं. मग इंजिन चालू ठेवून दाबाच्या स्विचची तार सोडवली: इंजिन गेलं, बझर वाजला, टाकीकडून व्हॉल्व्हची टिक ऐकू आली. पंपाचा पाइप काढून एका वेगळ्या रिकाम्या बाटलीत धरला, खाली थेंब आला नाही. तार पुन्हा जोडून किल्ली चालू करताच धार लागली. अग्निशामक बाटलीत औषध भरणं किंवा ती रिकामी करणं यातलं काहीही आम्ही केलं नाही, ते प्रमाणित माणसाचं काम आहे.

दादा दर महिन्याला दाबाचा काटा बघतो. वर्षातून एकदा बाटली काढून वजन करतो. पाच टक्क्यांहून जास्त घट आली तर ती भरायला जाते.

यंत्रणेबाहेर अजून दोन गोष्टी आहेत. पत्र्याखालचा एक्झॉस्टचा भाग संवेदी नळीच्या कक्षेत येत नाही, तेलाची गळती तिथे पेटू शकते. म्हणून व्हॉल्व्ह कव्हरचे आणि ढकलदांड्यांच्या नळ्यांचे सील दर सर्व्हिसला बघायचे ठरले आहेत. आणि आतल्या शेगडीचा गॅस हा वेगळाच विषय आहे. त्याचे पाइप आणि रेग्युलेटर या हिवाळ्यात बदलायचे आहेत. पेट्रोलच्या प्रत्येक पाइपावर मात्र पांढऱ्या रंगाने बसवल्याचं साल लिहिलं आहे, म्हणजे पुढे ही व्हॅन कोणाच्याही हाती गेली तरी रबर किती जुनं आहे हे त्याला विचारावं लागणार नाही.